९१, ९५ की १००? आधी टाकीचं झाकण उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात दोन गाड्या आहेत. २०१२ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक वडील चालवतात, आणि २०२३ च्या अखेरीस घेतलेली एक लिटर टर्बो तुम्ही चालवता. पंपावरचा पोरगा दर वेळी "साहेब, ९५ टाकू ना?" विचारतो. ऑफिसातला मित्र १०० ऑक्टेन भरतो आणि पिकअप वाढल्याचं शपथेवर सांगतो. त्यात हॅचबॅक हल्ली चढाला टकटक करायला लागली आहे. मग कुठल्या गाडीत काय भरायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. हॅचबॅकमध्ये साधं, म्हणजे आजवर ९१ म्हणून ओळखलं जाणारं पेट्रोल भरा. टर्बोतही साधं चालेल. झाकणावर ९५ लिहिलं असेल तर काय करायचं ते पुढे येईलच. १०० चा विषय दोन्ही गाड्यांसाठी सोडून द्या. आणि हॅचबॅकच्या टकटकीवर महागडं पेट्रोल हा उपाय नाही, तिला गॅरेज दाखवा. कराडला सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. या टकटकीवर लोकांनी पेट्रोलमध्ये जितके पैसे ओतलेत, तितक्यात दोनदा हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून साफ झालं असतं.

मुळात ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज डोक्यातून काढा. १०० ऑक्टेनच्या एका लिटरात ९१ च्या लिटरपेक्षा जास्त उष्णता कोंडलेली नसते. तो आकडा पेट्रोलचा सोशिकपणा सांगतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र दाबली जाते. मूळ जागेच्या दहाव्या-अकराव्या हिश्शात ती कोंबली की नुसत्या दाबानंच तिचं तापमान चारशे अंशांच्या आसपास जातं. मग प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका बाजूनं पसरत जाते, शेत पेटवल्यावर आग बांधाकडे सरकावी तशी. पण लांबच्या कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणावर एव्हाना दाब आणि उष्णता दोन्ही चढलेली असतात. पेट्रोल सोशिक असेल तर ज्योत येईपर्यंत ते दम धरतं. नसेल तर ज्योत पोचायच्या आधीच ते आपणहून एकदम भडकतं. त्या भडक्याची लाट पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळते, आणि पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा आवाज येतो. यालाच आपण नॉकिंग म्हणतो.

आकडा ठरतो तो दोन द्रवांशी तुलना करून. आयसोऑक्टेन हा द्रव फार सोशिक, त्याला १०० दिले. नॉर्मल हेप्टेन अगदीच उतावळा, त्याला शून्य. ही मोजपट्टी १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं सुचवली आणि ती आजही चालते. ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांचं मिश्रण जितकं सोसेल तितकंच तुमचं पेट्रोल सोसत असेल, तर ते ९५. चाचणीसाठी एका सिलिंडरचं खास इंजिन असतं, त्यात कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, चालू इंजिनात कमी-जास्त करता येतं. ६०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मोजलेला आकडा म्हणजे आरओएन, आणि ९०० आरपीएमवर, जास्त गरम मिश्रणानं, जास्त छळ करून मोजलेला तो एमओएन. आपल्याकडे पंपावर आणि गाडीच्या पुस्तकात आरओएन लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात, म्हणून तिकडचं साधं पेट्रोल ८७. न्यू जर्सीचा भाचा "आमच्याकडे ८७ वर सगळ्या गाड्या पळतात, तुम्हाला ९५ कशाला?" म्हणाला, तर त्याला सांगा की तुझं ८७ आमच्या मोजणीत ९१-९२ च्या घरात येतं. या एका गोंधळावरून मी लग्नाच्या पंगतीत वाद रंगलेले पाहिलेत.

नॉकिंग किती महागात पडतं, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. १९९९ ची गोष्ट. गॅरेज नवं होतं आणि अंगात हुशारी जास्त होती. ओळखीच्या एका गृहस्थांची प्रीमियर पद्मिनी आली, तक्रार एकच, गाडी मरगळलेली वाटते. मी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, सैल केला, अंदाजानं थोडा फिरवला आणि टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी आधी पडेल असं केलं. गाडी लगेच चुणचुणीत झाली. गृहस्थ खूश, मीही खूश. तेव्हाचं पेट्रोल आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनचं होतं, आणि टायमिंग पुढे घेणं म्हणजे त्या बिचाऱ्या पेट्रोलला आणखी सोसायला लावणं, हे मला पुस्तकात ठाऊक होतं पण हाताला ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांनी ते घरच्यांना घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला निघाले. परत येताना चढावर, पाच माणसं, सामान, एप्रिलचं ऊन. गाडीनं आवाज केला, त्यांनी दुर्लक्ष केलं, आणि घाटमाथ्याच्या अलीकडे तिनं निळा धूर सोडला. टो करून आणली. हेड उतरवलं तर तिसऱ्या पिस्टनच्या टाळूला करंगळी जाईल एवढं भोक. पिस्टन, रिंगा, मजुरी सगळं माझ्या खिशातून गेलं. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवायला.

त्या काळी एक गोष्ट मात्र वेगळी होती. पेट्रोलला सोशिक करायला त्यात शिसं घालत. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळलं की टेट्राएथिल लेड अगदी थोडं घातलं तरी नॉकिंग थांबतं. स्वस्त आणि गुणकारी, म्हणून जगभर पसरलं, आणि पुढची कित्येक दशकं माणसांच्या फुप्फुसात गेलं. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल आलं. शिसं गेलं तसा ऑक्टेन दुसऱ्या मार्गांनी वाढवावा लागला. सध्या त्यात मोठा वाटा इथेनॉलचा आहे, त्याकडे येतोच.

आता तुमच्या गाड्या. दोन्हींत नॉक सेन्सर असणार. इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टनं घट्ट बसवलेलं, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं काम करणारं एक छोटं यंत्र. तो टकटकीची थरथर ओळखतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो. ईसीयू ताबडतोब टायमिंग मागे घेतो. मी पद्मिनीत जे हातानं बिघडवलं, ते हा सेकंदाच्या छोट्या हिश्शात दुरुस्त करतो. म्हणून आजच्या गाडीत एखाद्या वेळी कमी ऑक्टेनचं भरलं तरी पिस्टनला भोक पडत नाही. गाडी थोडी जड होते, ॲव्हरेज थोडं उतरतं, एवढंच.

याच्या उलट जास्त ऑक्टेन भरलं तर काय होतं? ईसीयू टायमिंग पुढे नेतो, पण कंपनीनं आखलेल्या हद्दीपर्यंतच. गाडी ९१ धरून बनवली असेल तर त्या हद्दीला ती ९१ वरच पोचलेली असते. त्यापुढे तुम्ही १०० घाला नाही तर रॉकेटचं इंधन घाला, संगणकाला देण्यासारखं काही उरलेलं नसतं. गाडी ९५ धरून बनवली असेल आणि तुम्ही ९१ भरत असाल, तरच ९५ वर गेल्यावर फरक हाताला लागतो. तोही बहुतेक पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर, चढाला, किंवा नागपुरातल्या मे महिन्यात. कोल्हापूर-पुणे हायवेला एका वेगात जाताना इंजिनावर इतका कमी ताण असतो की दोन्हींत काडीचा फरक पडत नाही.

कॉम्प्रेशन रेशो बघून ऑक्टेन ठरवा, असं जुने मेकॅनिक सांगतात. जुन्या गाड्यांपुरतं ते बरोबर होतं. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चं कॉम्प्रेशन पावणेनऊच्या आसपास होतं, तिला काहीही चालायचं. पण आता हा हिशोब फसतो. स्विफ्ट-बलेनोत आलेल्या ड्युएलजेट इंजिनाचं कॉम्प्रेशन १२ आहे आणि ते साध्या पेट्रोलवर निवांत चालतं. होंडा सिटी हायब्रिडचं १३.५, टोयोटा हायरायडरच्या हायब्रिड इंजिनाचं १४, तीही साध्यावरच. कारण या हायब्रिड इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, उशिरा बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात दाबली जाणारी हवा कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी असते. दुसरीकडे टर्बोचं कॉम्प्रेशन १० किंवा १०.५ दिसतं, पण टर्बो आधीच दाबलेली हवा आत ढकलतो. म्हणजे कागदावर सौम्य, प्रत्यक्षात तापट. एवढं सगळं गणित कंपनीच्या इंजिनिअरांनी करून त्याचं उत्तर टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. ते वाचायला खाली वाकावं लागतं एवढंच. स्टिकर गेला असेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात इंधनाचं पान काढा. "किमान ९१" असेल तर ९१ पुरे. "९५ शिफारस, ९१ चालेल" असेल तर ९१ वर गाडी बिघडणार नाही, फक्त पूर्ण ताकद मिळणार नाही. नुसतं "किमान ९५" असेल तर त्याखाली जाऊ नका. काही जर्मन गाड्यांना आणि मोठ्या ताकदीच्या बाइकना हे लागू पडतं.

पण हा सगळा सल्ला पाच वर्षांपूर्वी जितका सरळ होता तितका आता राहिला नाही, कारण इंधनच बदललं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं जाहीरपणे सांगितलं की साध्या पेट्रोलचा आरओएन बीएस-टूमध्ये (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी निकष) ८८ होता, बीएस-सिक्समध्ये ९१ झाला, आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५ झाला. मंत्रालयाच्याच आकड्यांत इथेनॉलचं ऑक्टेन सुमारे १०८.५ आणि मिसळण्याआधीच्या मूळ पेट्रोलचं ८४.४. म्हणजे आपल्या साताऱ्या-सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या मळीतून निघालेला स्पिरिट तुमच्या टाकीत शिशाची जागा घेऊन बसलाय. वर इथेनॉलचं बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते, आणि टर्बो इंजिनाला हवं असतं तेच मिळतं.

मग पंपावरच्या पोराच्या ९५ ला काय अर्थ उरला? ऑक्टेनच्या बाबतीत, साध्या नोझलमध्ये ई-२० (हेच २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येत असेल तर, फारसा नाही. तुम्ही ज्यासाठी जादा पैसे मोजत होता ते आता साध्यातच आहे. नावातल्या आकड्यासाठी पैसे देताय हे निदान ठाऊक असू द्या. समजा लिटरमागे ८ रुपये जास्त, महिन्याला हजार किलोमीटर आणि १६ चं ॲव्हरेज. महिन्याला साडेबासष्ट लिटर, म्हणजे ५०० रुपये. वर्षाला ६,०००. त्या पैशात टर्बोला चांगल्या प्रतीचं सिंथेटिक ऑइल आणि वेळेवर एअर फिल्टर, प्लग मिळतात, आणि गाडीला त्याचा उपयोग जास्त.

यावर प्रीमियमवाल्यांचं एक म्हणणं असतं, की त्यात साफ करणारी रसायनं असतात. खरं आहे, असतात. इंजेक्टरच्या तोंडावर आणि इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन धरू नये म्हणून ती घालतात. पण तुमची टर्बो थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारी असेल, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. ज्याला पाणीच लागत नाही त्याला साबण कितीही भारी असून काय करायचं? साध्या, पोर्ट इंजेक्शनच्या (व्हॉल्व्हच्या बाहेरच फवारा मारणाऱ्या) इंजिनात त्या रसायनांचा उपयोग आहे. वडिलांच्या हॅचबॅकमध्ये तीन-चार महिन्यांतून एक टाकी भरायला माझी हरकत नाही. दर आठवड्याला नको.

टर्बोसाठी एक जास्तीची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती ऑक्टेनच्या नावाखाली खपते आणि ऑक्टेनशी तिचा संबंध थोडाच आहे. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर एकदम ॲक्सिलरेटर दाबला की कधी कधी ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटतं, आणि त्याचा दणका नेहमीच्या नॉकिंगपेक्षा कितीतरी मोठा असतो. एका दणक्यात पिस्टनची कड तुटू शकते. नॉक सेन्सरला तो थांबवता येत नाही, कारण मागे घ्यायला टायमिंगच उरलेलं नसतं, ठिणगी अजून पडलेलीच नसते. सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेले ऑइलचे थेंब हे याचं एक मोठं कारण. म्हणून ऑइलसाठी आधी एपीआय एसएन प्लस आणि मग २०२० मध्ये एपीआय एसपी हा दर्जा आला; एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था. डब्यावर एसपी किंवा त्याहून नवा दर्जा बघून ऑइल घ्या, आणि पाचव्या गिअरवर १,३०० आरपीएमवरून ओव्हरटेक करायला जाऊ नका, दोन गिअर खाली या. पेट्रोलवर खर्च करायच्या आधी हे फुकटचं करा.

आता १०० ऑक्टेन. इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० रोजी एक्सपी-१०० आणलं, पहिल्या दहा शहरांत आपलं पुणं आणि मुंबईही होती. मथुरेच्या रिफायनरीत ते तयार होत होतं आणि दिल्लीत तेव्हा लिटरला १६० रुपये भाव होता. ज्यांच्या इंजिनाला ९८ ची शिफारस आहे, किंवा ज्यांनी ईसीयू रिमॅप करून, म्हणजे त्यातले आकडे बदलून, टर्बोचा दाब वाढवलाय, त्यांनी ते जरूर भरावं. त्यांची ती गरज आहे. तुमच्या मित्राच्या गाडीत तसं काही नसेल तर त्याला जो पिकअप जाणवतो तो मी नाकारत नाही, पण त्याचं कारण बहुधा टाकीत नसून बिलात आहे. माणूस पैसे मोजून आला की गाडी हलकी वाटते. सर्व्हिसिंगला नुसती धुऊन दिलेली गाडीसुद्धा लोकांना जास्त पळणारी वाटते, हे मी रोज बघतो.

हल्ली १०० मागणारे आणखी एका कारणानं येतात, इथेनॉल टाळायला. ही चिंता वेगळी आहे आणि तुमच्या हॅचबॅकला लागू आहे, म्हणून नीट बघू. ऑक्टेनच्या दृष्टीनं ई-२० जुन्या गाडीला गैरसोयीचं नाही, उलट सोशिक आहे. अडचण दुसरीकडे आहे. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६-७ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींत १-२ टक्के. शिवाय जुन्या रबरी नळ्या, पंपातल्या गॅस्केट, ओ-रिंगा इथेनॉलनं लवकर फुगतात किंवा कडक होतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत हे भाग ई-२० सोसणारे घातले जातात, म्हणून तुमच्या टर्बोची काळजी नको. २०१२ च्या गाडीत मात्र पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या नळ्या हातानं वाकवून बघायला सांगा. तडे दिसले तर बदला. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची रबरं बदलण्याचा खर्च एकदाच येतो, १०० ऑक्टेनचा खर्च प्रत्येक टाकीला.

आणि पाऊस. कोकणातून, महाबळेश्वर-कोयनेकडून येणाऱ्या गाड्यांत मला हे जास्त दिसतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात रिचवतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि वर उरतं ते नुसतं पेट्रोल. वर मूळ पेट्रोलचा आकडा दिलाय, ८४.४. म्हणजे टाकी तीच, पंप तोच, पण आता वर उरलेलं पेट्रोल ९५ चं राहिलं नाही. महिना-दीड महिना अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली, झाकणाचं रबर गेलेली गाडी जुलैत सुरू केली की आधी धक्के मारते आणि मग चढाला टकटकते, त्याचं एक कारण हे. गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी तर ओलही कमी, आणि झाकणाचं रबर बघा.

भेसळीबद्दलही दोन शब्द. रॉकेलचं ऑक्टेन फार खालचं. ते मिसळलं की गाडी हमखास नॉकिंग करते, आणि मग माणूस इंजिनाला दोष देतो. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो देणं त्यांना भाग आहे. एक थेंब टाका, दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. घनताही विचारता येते. आजची घनता पंपावर लिहिलेली असते, बीएस-सिक्स पेट्रोलची १५ अंशांना ७२० ते ७७५ च्या दरम्यान असायला हवी. इतकं विचारल्यावर तोंड वाकडं झालं तर पुढच्या वेळी दुसरा पंप धरा. गर्दीच्या पंपावर पेट्रोल ताजं असतं, हा माझा साधा नियम.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या घेऊ नका. "३० पॉइंट वाढ" असं वेष्टनावर असतं आणि गिऱ्हाईक समजतो ९१ चं १२१ झालं. तिथला एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा, म्हणजे मिळाले तर तीन. काहींत लोखंडाचं संयुग असतं, ते प्लगवर विटकरी थर धरतं आणि प्लगच बाद होतात. एकाच गाडीचे चार प्लग मी तसे काढलेत, गेरू फासल्यासारखे. ऑक्टेन वाढवायचंच असेल तर साध्यात थोडं १०० मिसळलं तरी ते जवळपास सरळ प्रमाणात वाढतं, आणि त्यानं प्लग खराब होत नाहीत.

माझ्यावर विश्वास ठेवायला नको, स्वतः करून बघा. टर्बो पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागेपर्यंत चालवा, साधं भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच, नंतर ठासून भरायचं नाही. दोन टाक्या नेहमीच्या रस्त्यानं चालवा. मग दुसरं भरा, पुन्हा दोन टाक्या. पहिली टाकी ईसीयूला सवय व्हायला जाते, तिचा आकडा धरू नका. किलोमीटर आणि लिटर वहीत लिहा, डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर जाऊ नका, तो आशावादी असतो. जमलं तर ओबीडीचं (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटचं) स्वस्त ब्लूटूथ यंत्र लावून चढाला टायमिंगचा आकडा बघा. दोन्ही पेट्रोलवर, त्याच चढाला, त्याच गिअरमध्ये, साधारण तितक्याच उन्हात तो एक-दोन अंशांत सारखा आला, तर तुमच्या इंजिनाला महागड्याची गरज नाही. तीन-चार अंशांचा ठळक फरक आला तर झाकणावरचा ९५ खरा आहे असं समजा आणि ९५ चं भरत राहा. मग पंपावरच्या पोरालाही हो म्हणा.

राहिली हॅचबॅक. १३-१४ वर्षांच्या इंजिनात पिस्टनच्या टाळूवर कार्बनचा थर बसतो. त्यानं आतली जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, आणि थराचे ठिपके निखाऱ्यासारखे लाल होतात. थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असेल किंवा रेडिएटरचा पंखा उशिरा लागत असेल तर इंजिन गरम चालतं, आणि गरम इंजिन लवकर टकटकतं. मागच्या सर्व्हिसिंगला कुणी भलत्याच नंबरचे प्लग घातले असतील तरी हेच. गेल्या वर्षी अशीच एक गाडी आली. मालकानं चार महिने १०० ऑक्टेन भरलं होतं. आत प्लग निघाले एका वेगळ्याच मॉडेलचे, जास्त गरम राहणारे. योग्य प्लग घातले, संध्याकाळी साधं पेट्रोल भरून घाट चढून आला, आवाज गायब.

एक नाजूक गोष्टही विचारतो. वडील चढाला कुठल्या गिअरवर असतात? त्यांच्या पिढीला वरचा गिअर म्हणजे ॲव्हरेज, हे पक्कं बसलंय. चौथ्यावर तिसाच्या वेगानं चढ चढवला की इंजिन कण्हतं, आणि त्या वेळी ९५ काय, १०० ही टकटकेल. एकदा शेजारी बसून बघा. सांगताना मात्र "बाबा, चुकताय" म्हणू नका. "गॅरेजवाल्यानं तिसऱ्यावर चढवायला सांगितलंय" म्हणा, माझं नाव पुढे केलेलं चालेल. तिसऱ्यावर आवाज गेला तर निम्मं काम झालं. नाही गेला तर चारही प्लग काढून एका फडक्यावर सिलिंडरच्या क्रमानं ठेवा आणि फोटो काढा. फिकट तपकिरी असतील तर इंजिनाचं ठीक आहे, मग आधी थर्मोस्टॅट बघू. पांढरे फटक असतील तर गाडी गरम चालतेय किंवा तिला पेट्रोल कमी पडतंय. काळे, कोरडे, काजळी धरलेले असतील तर कार्बन. आणि प्लगवर कोरलेला नंबरही त्याच फोटोत येऊ द्या.